हलेवीसुद्धा डॉक्टरच होता ना?

प्रश्न : मुलीला बारावीला ८४ टक्के. नीट दोनदा दिली, सरकारी कॉलेज थोडक्यात हुकलं. तिसऱ्या प्रयत्नाची फी भरून टाकली आहे. आता म्हणते, मध्ययुगीन ज्यू तत्त्वज्ञान आणि कविता शिकायची. परक्या धर्माचा भटजी व्हायचंय का हिला? तिचा तो जुना ज्यू कवी यहूदा हलेवीही पेशाने डॉक्टरच होता. हल्ली ताटातलं अर्धं टाकून उठते. तिच्या वहीचा फोटो पाठवतोय. समजवा तिला.
– एक वडील, सांगली

उत्तर : नमस्कार. फी भरताना तुम्ही तिला विचारलं होतं का? पत्रात तसं कुठेच नाही. वही मात्र तिला न सांगता उघडलेली दिसते. टक्क्यांपेक्षा मला याचीच जास्त काळजी वाटते.

फोटोतल्या पानावर रेणूंच्या आकृतीखाली तिने पेन्सिलीने लिहिलंय : ‘माझं काळीज पूर्वेला आणि मी पश्चिमेच्या टोकाला, खाल्लेल्याला चव कशी लागावी?’ ही ओळ हलेवीची आहे. स्पेनमध्ये राहून तो जेरुसलेमसाठी झुरत होता. तुमची मुलगी ताट अर्धं टाकून उठते आणि वहीत ही ओळ उतरवते. हे तुम्ही जोडून पाहिलं नाहीत.

हलेवी डॉक्टर होता, हे खरं. पण एका स्नेह्याला लिहिलेल्या पत्रात तो याच पेशाबद्दल कुरकुरतो : शहर मोठं, माणसं दांडगी, वेळी-अवेळी रोग्यांमागे धावायचं आणि बरं करणं तर हातात नाही. शेवटी ११४० मध्ये, साठीच्या घरात, सगळं सोडून तो जेरुसलेमच्या ओढीने जहाजाने इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाला गेला. त्याचा दाखला तुमच्या बाजूने लागत नाही.

आता ‘भटजी’बद्दल. हा अभ्यास धर्मदीक्षेचा नाही, धर्मांतरही लागत नाही. हलेवीचा ‘कुझारी’ हा ग्रंथ म्हणजे एक वाद आहे. खझर या मध्ययुगीन तुर्की लोकांच्या राजाला स्वप्नात सांगणं होतं की तुझा हेतू देवाला पसंत आहे, आचरण नाही. मग तो तत्त्वज्ञाला, ख्रिस्ती आणि मुसलमान विद्वानाला आणि शेवटी ज्यू पंडिताला विचारतो. आपल्याकडे पूर्वपक्ष मांडून खंडन करतात ना, तीच रीत. मूळ नावातच ‘तुच्छ लेखलेल्या धर्माच्या’ बाजूने खंडन आणि प्रमाण असं म्हटलंय. भाषा अरबी, लिपी हिब्रू. म्हणजे व्याकरण, तर्क, इस्लामी धर्मविचार, सगळ्यातच डोकं घालावं लागतं. विज्ञानाची शिस्त इथे वाया जात नाही.

वाट अरबीपासून सुरू होते : जेएनयूत बी.ए. ऑनर्स अरबी आहे, प्रवेश सीयूईटीने, म्हणजे विद्यापीठांच्या सामायिक प्रवेश परीक्षेने. हिब्रू सोबत शिकायची, पुढे बहुतेक परदेश. नोकऱ्या मोजक्या आहेत आणि पीएचडीपर्यंत दहाएक वर्षं जातात, हे तिच्यापासून लपवू नका. इंग्रजी भाषांतरावर प्रेम बसणं सोपं असतं. सहा महिने रोज अरबी व्याकरण घोकूनही ती टिकली, तर मी तिच्या बाजूने उभा राहीन.

फी परत मिळते का, ते उद्याच विचारा. वही जागेवर ठेवा आणि उघडली होती हे तिला सांगा. पुढचं पत्र तिला लिहू द्या, न वाचता पाठवा.