वाचकांचे प्रश्न : ताकद, औषध आणि होमरन

प्रश्न : बेसबॉलपटू मार्क मॅग्वायरने 2010 मध्ये स्नायू वाढवणारी स्टेरॉइड घेतल्याची कबुली दिली. पण ती दुखापतींतून सावरायला घेतली, फटका मारण्याची देणगी उपजतच होती, असंही तो म्हणाला. मला ते पटतं. इंजेक्शनने नजर थोडीच येते? मग त्याचे 1998 मधले 70 होमरन (चेंडू कुंपणापार धाडणारे फटके) औषधाच्या खात्यावर का टाकायचे?

उत्तर : नजर इंजेक्शनने येत नाही, हे सोळा आणे खरं. मी पदार्थविज्ञान शिकवतो आणि मैदानावर सॉफ्टबॉलची बॅटिंगही, त्यामुळे नुसत्या ताकदीचं काय होतं ते नेहमी बघतो. दंड पिळदार असलेला मुलगा सगळा जोर खांद्यातून काढतो, कंबर मागेच राहते आणि चेंडू सरळ आभाळात. मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वांत वरच्या बेसबॉल लीगमध्ये, तर ताशी 95 मैलांचा चेंडू जेमतेम 0.4 सेकंदात अंगावर येतो. बॅट थोडीशी खाली लागली की सोपा झेल, वर लागली की चेंडू जमिनीवर. तिथे स्नायू कामाला येत नाहीत.

पण मॅग्वायरला हे सगळं आधीच येत होतं. 1987 मध्ये, पहिल्याच पूर्ण हंगामात, त्याने 49 होमरन ठोकले होते. अशा तयार हाताला थोडा जास्त जोर मिळाला तर? टफ्ट्स विद्यापीठाचे रॉजर टोबिन यांनी 2008 मध्ये हे गणित मांडलं. स्नायू 10 टक्के वाढले, तर बॅटचा वेग साधारण 5 टक्के वाढतो आणि बॅटवरून सुटणाऱ्या चेंडूचा 4 टक्के. म्हणजे ताशी 100 मैलांनी सुटणारा चेंडू 104 ने सुटतो आणि वीसेक फूट पुढे जातो. एरवीच्या फटक्याला त्याचं काही नाही. पण आउटफिल्डर, म्हणजे कुंपणाकडचा क्षेत्ररक्षक, भिंतीला पाठ टेकवून जे झेल घेतो, ते याच वीस फुटांतले! मुळात होमरन कमी, त्यात हे झेल कुंपणापार गेले की आकडा भराभर चढतो. टोबिन यांच्या हिशेबात 50 ते 100 टक्के.

आणि दुखापतीतून सावरणं ही काय लहान मदत आहे? हंगाम 162 सामन्यांचा असतो. बाकीचे थकून बाकावर बसतात तेव्हा जो खेळत राहतो, त्याला संधीही जास्त मिळतात.

सगळंच औषधावर ढकलू नये, हेही सांगतो. 2019 मध्ये कडक तपासणी असतानाही लीगमध्ये विक्रमी 6,776 होमरन झाले. त्या वर्षीच्या चेंडूला हवेचा अडथळा कमी होत होता. सत्तरपैकी कोणते होमरन औषधाचे, हे वेगळं काढता येणार नाही.

तरी एवढं बघा. रॉजर मॅरिसचा 1961 मधला एका हंगामात 61 होमरनचा विक्रम 37 वर्षं टिकला. मग 1998 ते 2001 या चार हंगामांत मॅग्वायर, सॅमी सोसा आणि बॅरी बाँड्स यांनी मिळून तो आकडा सहादा ओलांडला. 2004 पासून तपासणीत सापडणाऱ्यांवर कारवाई सुरू झाली. त्यानंतर 61 च्या पुढे जायला 2022 साल उजाडावं लागलं आणि ॲरन जज हा फलंदाज यावा लागला.