वाचकांचे प्रश्न : आधी ज्वारी पेरा, मग जीवामृताचं बघू

प्रश्न : आम्ही बचत गटातल्या अकरा जणी, यवतमाळ जिल्ह्यातल्या लहान गावच्या. सगळ्यांचं मिळून चौदा-पंधरा एकर वावर आहे, पण एका जागी नाही. वर्षानुवर्षं पऱ्हाटी (कापूस) अन् सोयाबीन घेऊन माती पार घट्ट झाली, पाऊस आला की पाणी मुरतच नाही, वरच्या वर वाहून जाते. खताच्या बॅगा वाढवल्या तरी उतारा तेवढाच. मिळून विषमुक्त शेती करायची आहे, पण सासरे म्हणतात उत्पन्न पडेल, घरचे म्हणतात जमीन एकत्र केली की भांडणं होतील. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : ताई, सासऱ्यांचं खोटं नाही. खत एकदम बंद केलं तर पहिली दोन-तीन वर्षं उतारा पडू शकतो, म्हणून सगळं वावर एकदम यात घालूच नका, जिला जेवढं झेपेल तेवढं, अर्धा एकर का होईना.

जमीन एकत्र करायचं म्हणाल तर गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावानं 2013 साली ग्रामदान कायद्याखाली गावची सगळी जमीन ग्रामसभेच्या नावे केली, पण त्यामागे सर्वसहमतीनं निर्णय घ्यायची कितीतरी वर्षांची सवय होती. तुमचा सातबारा ज्याच्या त्याच्या नावावरच राहू द्या. एकत्र करायचं ते काम, बी अन् शेण. आपल्याकडं इरजिक, म्हणजे पाळीपाळीनं एकमेकांच्या वावरात मिळून काम करणं, होतंच की, तेच परत सुरू करा.

आता मुख्य गोष्ट. सगळे आधी जीवामृताचं, म्हणजे शेण-गोमूत्र आंबवून केलेल्या पातळ खताचं, विचारतात. ते सोपं आहे, एकराला 200 लिटर पाणी, 10 किलो शेण, 5 ते 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन अन् मूठभर धुऱ्यावरची (बांधावरची) माती, दोन दिवस सावलीत ठेवायचं. पण शेण आणणार कुठून? गावात ढोरं किती उरली ते मोजा. सोयाबीन आलं तशी ज्वारी गेली, ज्वारी गेली तर कडबा गेला, कडबा नाही म्हणून ढोरं विकली, अन् शेणखत संपलं म्हणून माती घट्ट झाली. त्यामुळं माझं मत पक्कं आहे की पहिल्या वर्षी ज्वारी पेराच. डुकरं अन् पाखरं एकटीच्या ज्वारीत काही ठेवत नाहीत हे मला माहीत आहे, म्हणूनच लागून लागून वावरं असलेल्या तिघी-चौघींनी एकाच वेळी पेरा अन् जागलीच्या पाळ्या लावा. ही शेती एकटीनं होत नाही ती यासाठीच.

दुसरं, कापूस वेचून झाल्यावर उभी राहिलेली पऱ्हाटी जाळू नका. अन् चुलीसाठी धुऱ्यावर रचूनही ठेवू नका, राहिलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दबा धरून बसते अन् पुढच्या हंगामात तिथूनच परत येते. गटानं मिळून श्रेडर भाड्यानं आणा, बारीक चुरा करून शेणाच्या पाण्यासोबत खड्ड्यात कुजवा. एकटीला भाडं परवडत नाही, अकरा जणींना परवडते.

बियाण्याचं आत्ताच ठरवा कारण इथं खूप जण फसतात, बीटी (जनुकीय बदल केलेली) सरकी लावून वर कितीही जीवामृत टाकलं तरी तो कापूस सेंद्रिय म्हणून प्रमाणित होत नाही. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचं एकेए-7 सारखं देशी वाण घ्या, त्याचं बी घरचं धरता येते, रस शोषणाऱ्या किडीही त्याच्यावर कमी येतात. धागा मात्र आखूड असतो, म्हणून घेणारा आधी बघून ठेवा. पऱ्हाटीच्या मधात तूर अन् बरबटी (चवळी) टाका, बरबटीवर मावा येतो, माव्यावर त्याला खाणारे ढालकिडे येतात अन् तेच ढालकिडे पऱ्हाटीवरचा मावाही खातात.

शेजारच्या वावरातून फवारा उडून येत असेल तर त्या बाजूच्या धुऱ्यावर तूर दाट लावा अन् कडेची तासं (ओळी) वेगळी वेचा.

अन् यंदा पेरणीआधीच माती तपासून घ्या. सेंद्रिय कर्बाचा, म्हणजे मातीत कुजून मिसळलेल्या शेण-पाल्याच्या अंशाचा, आकडा गटाच्या वहीत लिहून ठेवा, तीन वर्षांनी त्याच वावरातली माती परत तपासा अन् दोन्ही आकडे सासऱ्यांपुढं ठेवा.