वाचकांचे प्रश्न : टाकी मोठी झाली, दाब का वाढला नाही?

प्रश्न : परळला आमची सात मजल्यांची सोसायटी आहे. गच्चीवरची ५,००० लीटरची टाकी काढून १०,००० लीटरची बसवली. तरी सातव्या मजल्यावरचा शॉवर पूर्वीसारखाच रडतो आणि तळमजल्यावर नळ उघडला की पाणी अंगावर उडतं. खर्च वाया गेला का?

उत्तर : साठ्यासाठी तो कामी आला, दाबासाठी नाही. टाकीत किती लीटर पाणी आहे याचा दाबाशी संबंध नाही. टाकीतल्या पाण्याची पातळी नळाच्या तोंडापासून किती उंच, एवढंच महत्त्वाचं. १० मीटर उंचीला साधारण १ किलो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १ किलो. प्लंबर 'किलो' म्हणतो तो हाच.

तुमच्या शॉवरपासून टाकीचा तळ २ मीटर वर आहे असं धरू, आणि भरलेल्या टाकीत १.२ मीटर पाणी. शॉवरला मिळतात ०.२ ते ०.३२ किलो. तळमजला आणखी २१ मीटर खाली, तिथे २.३ किलोच्या वर. नवी टाकी जुनीपेक्षा पसरट आणि बुटकी असेल, तर वरच्या मजल्याचा दाब उलट थोडा कमीच झाला असेल.

हे आकडे सगळे नळ बंद असतानाचे. पाणी वाहू लागलं की घर्षणात दाब खर्च होतो, आणि वरच्या मजल्याकडे खर्च करायला काही शिल्लकच नसतं. जुन्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपात गंज साचून आतला व्यास निम्मा झाला, तर तेवढंच पाणी नेण्यासाठी घर्षणाचा तोटा सुमारे ३२ पट होतो. म्हणून पंप घेण्याआधी मोजून बघा. शॉवरच्या जागी दाब मोजणारा ० ते १ किलोचा गेज लावा. ० ते १० चा नको, त्यावर पाव किलोला काटा जेमतेम हलतो आणि वाचण्यात चूक होते. नळ बंद ठेवून आकडा लिहून घ्या, मग शेजारचा नळ पूर्ण उघडून पुन्हा वाचा. ०.२५ चा ०.२० झाला तर पाइप ठीक आहे, उंचीच कमी पडते. ०.०५ वर आला तर आधी पाइप बदला.

टाकी १ मीटर उचलल्याने फक्त ०.१ किलो वाढेल. भरलेली टाकी १० टनांची असते, तेव्हा स्ट्रक्चरल इंजिनिअरने पाहिल्याशिवाय तो विचारही करू नका. वरच्या दोन मजल्यांना टाकीपासून वेगळी लाइन काढून तिच्यावर १ किलो दाब वाढवणारा प्रेशर पंप बसवणं, हा आम्हाला पटणारा उपाय. तोच पंप सगळ्या मजल्यांच्या लाइनवर बसवला, तर तळमजल्यावर जवळजवळ साडेतीन किलो होतील आणि तिथल्या जुन्या नळांचे वॉशर टिकणार नाहीत. पालिकेच्या जोडणीला थेट पंप तर मुळीच लावायचा नाही.

प्रश्न : मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पाण्याच्या पाइपला यू-ट्यूब मॅनोमीटर (दाब मोजायची यू आकाराची, पारा भरलेली नळी) जोडला आहे, दुसरं टोक हवेला उघडं. पाऱ्याच्या पातळ्यांत २०० मिमी फरक. पाइपाच्या मध्यापासून त्या बाजूचा पारा १५० मिमी खाली. माझं उत्तर २६.७ किलोपास्कल येतं, पुस्तकात २५.२ आहे.

उत्तर : पुस्तक बरोबर आहे. तुम्ही पारा मोजला, पण पाइप आणि पारा यांच्यामध्ये उभं असलेलं पाणी विसरलात. ही चूक इतकी सर्रास होते की पद्धतच पक्की करून टाका. पाइपाच्या मध्यावर बोट ठेवा आणि नळीतून चालू लागा. खाली उतरताना त्या द्रवाची घनता × ९.८१ × उंची मिळवा, वर चढताना वजा करा. उघड्या टोकाला पोचलात की उत्तर शून्य, कारण आपण गेज दाब, म्हणजे हवेच्या दाबापेक्षा जेवढा जास्त तेवढाच, मोजतो आहोत.

पाइपाचा दाब + १००० × ९.८१ × ०.१५ − १३६०० × ९.८१ × ०.२० = ०

पाण्याचे १४७२ पास्कल, पाऱ्याचे २६६८३. वजाबाकी २५२११, म्हणजे २५.२ किलोपास्कल. निरपेक्ष दाब विचारला असेल तर हवेचे १०१.३ मिळवा : १२६.५.

एकाच पातळीवरच्या दोन पाण्याच्या पाइपांमधला फरक विचारला, की पाऱ्याच्या उंचीला १३.६ (पारा पाण्याच्या इतके पट जड) ऐवजी १२.६ ने गुणायचं. एका नळीत जेवढ्या उंचीचा पारा आहे, तेवढ्याच उंचीचं पाणी दुसऱ्या नळीत समोर उभं असतं, ते वजा होतं. नळी तिरकी असेल तर लांबी नव्हे, उभी उंची घ्या : ३० अंशांच्या नळीवरचे २०० मिमी म्हणजे १०० मिमीच. प्रयोगशाळेत वाचताना पाऱ्याचा फुगीर माथा वाचा आणि पाण्याचा खोलगट तळ, तोही डोळा त्याच पातळीवर आणून.

प्रश्न : गवंडी लेव्हल पाइपने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) एकाच पातळीच्या खुणा करतो. सकाळी आणि दुपारी खुणांमध्ये ५-६ मिमी फरक आला. पाणी कसं चुकेल?

उत्तर : पाणी चुकत नाही, दोन बाजूंचं पाणी सारखं राहत नाही. एक बाजू सावलीत २८ अंशांवर आणि दुसरी गॅलरीच्या उन्हात ४५ अंशांवर असेल, तर उन्हातलं पाणी हलकं होतं आणि १ मीटर उभ्या भागामागे तिथली पातळी सुमारे ६ मिमी वर दिसते. तुमचा फरक बहुधा हाच. जमिनीवर पसरलेला पाइप तापला तर काही बिघडत नाही, फक्त उभा भाग सांभाळा.

दुसरा चोर बुडबुडा. उभ्या भागात पाइपभर रुंद असा २ सेंमीचा बुडबुडा अडकला, तर त्या बाजूची पातळी जवळजवळ २ सेंमी वर जाते. बादलीतून हळू भरा, पाइप झटका, आणि प्रत्येक खुणेआधी दोन्ही टोकं एकमेकांशेजारी धरा. पातळी जुळली नाही तर पुढे जाऊ नका. टोकावर अंगठा ठेवून चालत असाल, तर वाचताना दोन्ही अंगठे काढलेले हवेत.

प्रश्न : भांडुपच्या वर्कशॉपमधल्या प्रेसला '६८ नंबर'चं हायड्रॉलिक तेल लागतं. हे ६८ पॉइज का? आणि दुपारनंतर गेजवरचा दाब का उतरतो?

उत्तर : पॉइज नव्हे, ४० अंश सेल्सिअसला ६८ सेंटिस्टोक; दोन्ही तेलाच्या दाटपणाची एककं, पण सेंटिस्टोकमध्ये दाटपणाला घनतेने भागलेलं असतं. घनता घनमीटरला ८७० किलो धरली तर ०.५९ पॉइज. तेल तापलं की पातळ होतं, पंपाच्या आतल्या फटींतून मागे गळतं आणि दाब धरत नाही. टाकीचं तापमान मोजा. ६० अंशांच्या वर असेल तर आधी कूलर आणि तेलाची पातळी बघा. ती ठीक असूनही दाब पडत असेल, तर पंप झिजला आहे. अशा पंपात जाड तेल घातलं की दुपार सुधारते, पण सकाळी थंड तेल खेचताना तोच पंप ओरडतो.