भाड्याची कॅम्पर व्हॅन आणि चार सायकली घेऊन सातारा-महाबळेश्वर चार दिवसांत जमेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून दोन जोडपी, झोपायची सोय असलेली भाड्याची व्हॅन, गिअरच्या चार सायकली आणि हाताशी चार दिवस. रोज एखादा घाट सायकलने करायचा, रात्री गाडीतच मुक्काम. कुठून कुठे जावं, गाडी कुठे लावावी आणि हे आपल्याकडे खरंच जमतं का?

जमतं. माझं घर साताऱ्यात समर्थ मंदिराच्या चढावर आहे. यवतेश्वर घाटात जाणारे सायकलवाले रोज पहाटे खिडकीतून दिसतात. मेव्हण्याची जुनी टेम्पो ट्रॅव्हलर आहे. आतल्या सीट काढून, आरटीओत रीतसर नोंद करून त्यानं तिच्यात दोन पलंग आणि ओटा बसवलाय. त्या गाडीतून हा फेरा मी दोनदा केला. पहिल्यांदा जवळजवळ सगळंच चुकलं, म्हणून इतकं सविस्तर लिहितोय.

पहिली चूक बहुतेक सगळेच करतात. गाडीनं घाटमाथ्यावर जायचं, सायकली उतरवायच्या आणि उतारावरून सुसाट खाली. व्हिडिओत ते भारी दिसतं. प्रत्यक्षात यवतेश्वरहून साताऱ्याला उतरताना आमच्या एका मित्राची बोटं ब्रेकवर इतकी आखडली, की खाली पोचल्यावर त्याला पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडता येईना. रिम ब्रेकची सायकल असेल तर रिम तापते आणि लांब उतारावर ट्यूब फुटूही शकते. त्यात समोरून एसटी आणि वळणावर सांडलेली खडी. नजर रस्त्यावरून हटत नाही, मग डोंगर बघणार कधी? वीस मिनिटांत घाट संपला आणि दरी कुणीच पाहिली नव्हती.

म्हणून दुसऱ्या वेळी नियम उलटा केला: चढ सायकलने, उतार गाडीने. चढावर वेग ताशी सहा-सात किलोमीटर. करवंदीच्या जाळ्या, कातळातून झिरपणारं पाणी, खाली सरकत जाणारं शहर, सगळं बघायला मिळतं. दम लागला की थांबायचं, पाठीमागून गाडी येतेच आहे. दुधाच्या किटल्या लावून खाली निघालेला एक म्हातारा आम्हाला बघून मोटारसायकल थांबवून म्हणाला होता, "गाडी रिकामी मागनं येतीया, आन् तुम्ही कशाला घाम गाळताय?" याचं उत्तर तेव्हाही देता आलं नव्हतं.

आता चौघांनी सायकल चालवायची तर गाडी कोण चालवणार? तुमच्या प्रश्नात हा मुद्दाच नाही आणि सहल नेमकी इथेच अडते. एक मार्ग म्हणजे पाळी लावायची. मग तीनच सायकली न्या, चौथी उगाच जागा अडवते. दुसरा मार्ग ड्रायव्हरसकट गाडी घ्यायची. माझं मत दुसऱ्या मार्गाला. घाटातला मुरलेला ड्रायव्हर असला की निम्मी काळजी मिटते. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये तो उतरायचा, हे त्याला सांगावं लागत नाही. फक्त गाडीत चारच जण झोपू शकत असतील तर त्याची झोपायची आणि जेवायची सोय आधी ठरवा. दिवसभर घाट चालवलेल्या माणसाला रात्री स्टिअरिंगवर मान टाकून झोपायला लावू नका.

आता रस्ता. पहिल्या दिवशी पुण्याहून साताऱ्यात पोचायला दुपार होते, त्यामुळे चढाच्या भानगडीत पडू नका. बोगद्यातून सज्जनगड-ठोसेघरच्या रस्त्याला लागा आणि गाडीनंच थेट चाळकेवाडीच्या सड्यावर जा. आमच्याकडे डोंगरमाथ्यावरच्या अशा कातळी सपाटीला सडा म्हणतात. तिथं पवनचक्क्यांच्या मधून जाणारा रस्ता बराचसा सपाट आहे, सवय नसलेल्यालाही झेपतो. पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत, तिथं वारा खरंच आहे. आधी वाऱ्याच्या तोंडावर जा म्हणजे परतताना तोच ढकलतो. आम्ही उलट केलं होतं आणि परतीला सपाट रस्त्यावर सर्वांत खालच्या गिअरवर आलो. येताना ठोसेघरचा धबधबा बघा. मुक्कामाला साताऱ्यात या.

दुसरा दिवस कासचा. समर्थ मंदिरापासून यवतेश्वर घाट लागतो. साताऱ्याची हाफ मॅरेथॉन धावतात तो हाच रस्ता. शहर समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास, कास पठार बाराशेच्या घरात आणि अंतर पंचवीसेक किलोमीटर. खरा चढ सुरुवातीच्या घाटातच आहे, पुढं चढउतार. पहाटे साडेपाचला निघालात तर ऊन लागायच्या आत वर पोचाल. तुमची सायकल या चढाला चालेल का ते घरीच बघा: मागच्या चाकाचं सर्वांत मोठं दातेरी चक्र पुढच्या सर्वांत लहान चक्राएवढं किंवा त्याहून मोठं हवं. नसेल तर घाटात सायकल हातात धरून चालावं लागेल. त्यात कमीपणा नाही, पण आधी माहीत असलेलं बरं.

कास पठार २०१२ साली पश्चिम घाटातल्या इतर ठिकाणांबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलं आणि तेव्हापासून हंगामात तिथं माणसांचाही बहर येतो. ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत तेरडा, सोनकी, गेंद, सीतेची आसवं असा पाळीपाळीनं रंग बदलत जातो. टोपली कारवी मात्र सात वर्षांतून एकदा. प्रवेशाचं आरक्षण आधी करावं लागतं. हंगामातल्या शनिवार-रविवारी एवढं मोठं धूड पठारावर न्यायचा विचारही करू नका, अर्धा दिवस वाहनांच्या रांगेत जाईल. फुलं बघायचीच असतील तर मंगळवार-बुधवार साधा. सायकल पठारावर चढवू नका, रस्त्यावरच ठेवा. त्या पातळ मातीच्या थरात एक टायर गेला तरी त्याखाली काय चिरडलं ते दिसतसुद्धा नाही.

कास तलावापाशी पोटपूजा करा, सायकली गाडीत चढवा आणि गाडीनं बामणोलीला उतरा. रस्ता अरुंद आणि वळणावळणाचा आहे, पण एसटी जाते. या भागात माझी कसोटी हीच: जिथं एसटी जाते तिथं व्हॅन न्यायची, जिथं फक्त वडाप, म्हणजे प्रवासी भरून नेणारी जीप, जातं तिथं नाही.

बामणोली म्हणजे कोयनेच्या शिवसागर जलाशयाचा काठ. मुक्काम इथं करा, पण पाण्याला लागून वाट्टेल तिथं गाडी लावून नाही. कुणाच्या तरी अंगणात किंवा घरगुती जेवण देणाऱ्यांच्या आवारात विचारून लावा. जेवण त्यांच्याकडेच घेतलंत तर जागेचे पैसे बहुतेक कुणी मागत नाही, तरी आपण होऊन द्या. आम्हाला तिथं रात्री नाचणीची भाकरी आणि ताज्या मासळीचं कालवण मिळालं. गाडीतला ओटा उघडलाच नाही.

ओट्यावरून आठवलं. भाड्यानं देणारे "इंडक्शन आहे" असं ऐटीत सांगतात. बॅटरी केवढी आहे ते विचारा. आमच्या गाडीत घरच्या इन्व्हर्टरचीच बारा व्होल्ट, दीडशे अँपिअर-अवरची बॅटरी होती. कागदावर ते १८०० वॅट-अवर. पण लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवत राहिलं की लवकर मरते, म्हणजे हाताशी फक्त ९००. दीड हजार वॅटची इंडक्शन ते छत्तीस मिनिटांत गिळते. पहिल्या रात्री कुकरच्या तीन शिट्ट्यांनंतर दिवे मंद झाले आणि पंखा थांबला. लिथियम बॅटरी असेल तर बरंच निभावतं. नसेल तर वीज दिवे, पंखा आणि मोबाईलपुरती ठेवा.

पाणी आणि संडासाचंही स्पष्ट सांगतो. शंभर लिटरची टाकी म्हणजे शंभर किलो वजन, घाट चढताना ती निम्मीच भरा, पाणी वर मिळतं. गाडीत संडासाची पेटी असेल तर ती सेप्टिक टँक असलेल्या संडासातच रिकामी करा, तीही मालकाला विचारून. ओढ्यात कधीच नाही. कास तलावाचं पाणी सातारा शहर पितं, मीही पितो. इथं मी जरा चिडून बोलतो, त्याला इलाज नाही.

तिसरा दिवस सगळ्यात सुंदर. गाडी ड्रायव्हरबरोबर साताऱ्यामार्गे मेढा आणि केळघर घाटानं महाबळेश्वरला पाठवून द्या. तुम्ही सायकली घेऊन बामणोलीहून लाँचनं तापोळ्याला जा. भाडं अख्ख्या लाँचचं ठरतं, आदल्या संध्याकाळीच बोलून ठेवा. आमच्या लाँचवाल्यानं सायकली आडव्या घालू दिल्या नाहीत. एकेक उभी करून नायलॉनच्या दोरीनं काठाच्या पाइपाला बांधली, आतल्या बाजूचं पेडल हातानं फिरवून वर आणलं आणि म्हणाला, "दादा, आता ह्यो घोडा हलत न्हाय." मग इंजिन सुरू झालं. दोन्ही काठांना जंगल, मधे हिरवट पाणी आणि त्या पाण्याखाली धरणात गेलेली गावं. तास-सव्वा तास कुणी फारसं बोललं नाही. सकाळी वारा कमी असतो, म्हणून लवकर निघा. एप्रिल-मेमध्ये पाणी बरंच मागं सरकतं आणि सायकल खांद्यावर घेऊन चिखल तुडवावा लागतो.

तापोळ्याहून महाबळेश्वरचा चढ मात्र चेष्टा नाही. जलाशय पूर्ण भरलेला असताना पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ६५९ मीटर असते आणि महाबळेश्वर आहे १३७२ मीटरवर. म्हणजे पंचवीस-तीस किलोमीटरांत सातशे मीटर चढायचं, तेही पाठीमागं गाडी नसताना. प्रत्येकी तीन लिटर पाणी, गूळ-शेंगदाणे, पंक्चरचं सामान आणि तुमच्या मापाच्या दोन जादा ट्यूब जवळ ठेवा. वाटेतल्या गावांत चहा मिळेल, एकोणतीस इंची ट्यूब मिळणार नाही. अंधाराच्या आत वर पोचा, कारण संध्याकाळनंतर या रस्त्यांवर गवे येतात. गवा आडवा दिसला तर घंटी वाजवू नका. लांब उभे राहा, तो त्याच्या सवडीनं जातो. चौघांपैकी कुणाला हा चढ झेपणार नसेल तर त्यानं सरळ गाडीत बसावं. माझी बायको दोन्ही वेळा गाडीतूनच गेली आणि आम्ही वर पोचेपर्यंत तिची आंघोळ, जेवण आणि झोप झालेली होती.

महाबळेश्वरात रस्त्याकडेला व्हॅन लावून झोपणं अवघड आहे. आवार मोठं असलेला एखादा रिसॉर्ट किंवा शेतघर आधी फोन करून ठरवा, वीज जोडायला मिळेल का तेही विचारा. चौथ्या दिवशी सकाळी महाबळेश्वर ते पाचगणी सायकलने. वीसएक किलोमीटर, चढउतार बेताचे, दोन्हीकडं स्ट्रॉबेरीची शेतं. सुट्टीच्या दिवशी आठनंतर या रस्त्यावर गाड्यांचा पूर लोटतो, म्हणून साडेसहाला निघा. पसरणी घाट गाडीनं उतरा. तो सायकलने चढायलाही छान आहे, वाईहून पावणेसहाशे मीटरच्या आसपास चढ आहे, पण रहदारी बघता मी फक्त आठवड्यातल्या मधल्या दिवशी सुचवेन. वाईत थांबून मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा आणि मागचा कृष्णेचा घाट बघा, मग सुरूरला हमरस्ता.

महिना म्हणाल तर ऑक्टोबरचा शेवट ते फेब्रुवारी. भर पावसात ही सहल नको. धुक्यात दहा फुटांपलीकडचं दिसत नाही, दरडी येतात आणि ओल्या पलंगावर चौघांनी झोपण्यात कसली मजा?

एक राहिलंच. सायकली कुठं ठेवायच्या? मागच्या रॅकवर नंबरप्लेट आणि दिवे झाकले जातात, शिवाय घाटाच्या तीव्र वळणावर गाडीचा मागचा भाग खाली घासतो. छपरावर ठेवायचा मोह होईल. पहिल्या फेरीत आम्ही ठेवल्या होत्या. सुरूर-वाई रस्त्यावर तेव्हा वडाची जुनी झाडं होती, फांद्या रस्त्यावर कमानीसारख्या आलेल्या. एका फांदीखालून गाडी निघाली, सायकलचं हँडल निघालं नाही. वरून कडाड आवाज आला, मेव्हणा म्हणाला "फांदी मोडली", आणि मागं बघतो तर फांदी जागेवर होती. पुढची चाकं काढून सायकली आत, दोन पलंगांच्या मधे उभ्या बांधा. रात्री तेवढ्या बाहेर काढायच्या आणि गाडीच्या चाकाला साखळीनं कुलूप लावायचं.