व्हिजिटिंग सर्जनवर नजर कोणाची?

प्रश्न : माझ्या आईची गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया एका मोठ्या खासगी रुग्णालय-समूहात ठरली आहे. ‘आमच्या सगळ्या शाखांत एकच दर्जा’ असं तिथे सांगतात. सर्जन मात्र व्हिजिटिंग आहेत, समूहाच्या पगारावर नाहीत. मग त्यांच्या कामावर नजर कोण ठेवतं? आम्ही काही विचारलं तर डॉक्टर रागावणार तर नाहीत ना?

उत्तर : अशाच एका समूहाच्या क्वालिटी विभागात मी बरीच वर्षं काम केलं आहे. तुमच्या पत्रातला ‘व्हिजिटिंग’ हा शब्द मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला, म्हणून आधी त्याबद्दल सांगते.

सर्जन पगारावर नसले तरी रुग्णालयाच्या परवानगीशिवाय त्यांना तिथे ऑपरेशन करता येत नाही. पदवी, नोंदणी, अनुभव तपासून त्यांनी कोणकोणत्या शस्त्रक्रिया करायच्या याची यादी ठरते. आम्ही तिला प्रिव्हिलेज म्हणतो. गुडघ्याची परवानगी असली म्हणजे मणक्याचीही असतेच असं नाही. ही यादी ठरावीक काळाने पुन्हा तपासायची असते आणि खरी मेख तिथेच आहे. त्या वेळी समितीपुढे नुसती प्रमाणपत्रं ठेवतात, की किती रुग्णांच्या जखमेत जंतुसंसर्ग झाला, किती जणांना पुन्हा ऑपरेशन थिएटरमध्ये न्यावं लागलं, किती जण महिन्याभरात परत दाखल झाले, हेही ठेवतात? आणि आकडे वाईट निघाले, तर सर्वात जास्त रुग्ण आणणाऱ्या सर्जनला थांबवायचा अधिकार कुणाच्या हातात आहे?

हे हवेतलं बोलणं नाही. इंग्लंडमध्ये इयन पॅटरसन हा स्तनांचा सर्जन सरकारी आणि खासगी अशा दोन्ही रुग्णालयांत काम करायचा. त्याने कित्येक बायकांवर गरज नसताना शस्त्रक्रिया केल्या. सहकाऱ्यांनी आधीच शंका बोलून दाखवल्या होत्या, तरी 2011 पर्यंत त्याचं काम चालूच राहिलं. 2017 मध्ये त्याला 15 वर्षांची शिक्षा झाली, पुढे ती 20 वर्षं केली गेली. 2020 च्या चौकशी अहवालात यंत्रणेवरच बोट ठेवलेलं आहे. नियम होते, समित्याही होत्या. एका ठिकाणची माहिती दुसऱ्या ठिकाणी पोचत नव्हती आणि पेशंटचं ऐकून कुणी पावलं उचलत नव्हतं.

अनेक शाखा असण्याचा फायदा इथेच व्हायला हवा. आमच्या एका शाखेत रात्रपाळीच्या सिस्टरने सलाइनची समजून पोटॅशियम क्लोराइडची अँप्यूल, म्हणजे औषधाची बंद कुपी, उचलली. दोन्ही सारख्याच आकाराच्या, दोन्हींत पाण्यासारखं द्रावण. हे तीव्र द्रावण पातळ न करता शिरेत गेलं तर हृदय बंद पडतं. फोडण्याआधी तिने लेबल वाचलं, अँप्यूल बाजूला ठेवली आणि सकाळी स्वतःच्या नावानिशी चूक नोंदवायचा इन्सिडेंट फॉर्म भरला. कुणाला इजा झाली नव्हती. ती गप्प बसली असती तर कुणाला कळलंही नसतं. तिला कुणी बोल लावला नाही. वॉर्डातला पोटॅशियमचा साठा हलवा, असा आदेश सगळ्या शाखांना गेला आणि सगळीकडून ‘अंमलबजावणी झाली’ असं उत्तर आलं. पुढच्या ऑडिटला मी एका शाखेत औषधांच्या कपाटाचा खालचा खण उघडला, तर खोका तिथेच होता. ‘रात्री फार्मसीतून यायला वेळ लागतो’ म्हणून ठेवलेला! त्यामागे हलगर्जीपणा नव्हता, अडचण खरी होती. फार्मसीची रात्रीची सोय झाली, तेव्हा खोका हलला. मुख्य कार्यालयाने आदेश काढला म्हणजे काम झालं असं मी कधीच मानत नाही. कुणीतरी जाऊन खण उघडून बघावा लागतो.

म्हणूनच ‘आमच्याकडे वर्षभरात एकही चूक नोंदली गेली नाही’ असं कुणी अभिमानाने सांगितलं की मला धास्ती वाटते. जिथे अशा होता होता टळलेल्या चुका भरपूर नोंदल्या जातात, तिथे मी माझ्या माणसाला निर्धास्तपणे दाखल करेन. समूहाच्या सरासरीवरही विसंबू नका. चार चांगल्या शाखांच्या आकड्यांत पाचवीचे वाईट आकडे सहज लपतात. रुग्णालयाकडे दर्जाच्या मान्यतेचं प्रमाणपत्र असावंच, पण तपासणीची तारीख आधी कळलेली असली तर त्या दिवशी सगळंच नीटनेटकं असतं.

तुम्ही सर्जनना सरळ विचारा, ‘डॉक्टर, याच रुग्णालयात तुम्ही वर्षाला साधारण किती गुडघे बदलता? त्यातल्या किती जणांना संसर्ग झाला?’ याच शाखेचे आकडे वैद्यकीय संचालकांच्या किंवा क्वालिटी विभागाच्या ऑफिसातही मागा. ऑपरेशन का करायचं, दुसरे पर्याय कोणते, हे आईंना समजेल अशा भाषेत लिहून मागा. पॅटरसन प्रकरणानंतर असं पत्र थेट पेशंटच्या नावे लिहावं, अशी शिफारसच झाली होती.

रागाचं म्हणाल, तर रोज हे काम करणाऱ्या सर्जनला स्वतःचे आकडे तोंडपाठ असतात आणि विचारलं तर बरंच वाटतं. कुणी खरंच चिडलं, तर ऑपरेशनची तारीख पुढे ढकला आणि दुसऱ्या सर्जनचं मत घ्या. गुडघ्याच्या या शस्त्रक्रियेत तेवढी सवड बहुतेक वेळा असते.