आजी सगळ्याला हळद आणि तेलच का लावते?

चिऊ,

परवा शाळेतून येताना गाडीत तू विचारलंस, "बाबा, आपण मराठी लोक स्किनला काहीही झालं की हळद नाहीतर तेलच का लावतो, आणि ते खरंच काम करतं का?" मी म्हटलं घरी गेल्यावर सांगतो, कारण मला माहीत होतं तू का विचारतेयस ते. आजीने व्हिडिओ कॉलवर सांगितलं म्हणून तू रात्री पिंपल्सवर हळद लावलीस, सकाळी घासूनही गाल पिवळेच राहिले आणि दिवसभर हुडी पुढे ओढून बसलीस. म्हणून नीट लिहितोय, कुठे अडलं तर आईकडून वाचून घे.

आधी तेलाचं सांगतो, कारण तिथे आजी अगदी बरोबर आहे. सावंतवाडीला आमच्या घरी मे महिन्यात रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, यायची, सालांची सोलं व्हायची आणि बिया टाकून न देता उन्हात वाळवून ठेवायच्या. मग त्या फोडून आतला गर कुटायचा, पाण्यात उकळायचा आणि रात्रभर तसंच ठेवायचं, सकाळी वर पांढरट थर जमलेला असायचा तो काढून आजी मुठीत दाबून गोळे करायची. त्याला मुठेल म्हणतात, गोव्याकडे भिरंडेल, बाजारात कोकम तेल. नाव तेल असलं तरी ते मेणासारखं घट्ट असतं, ३८-४० डिग्रीच्या आसपास वितळतं, म्हणून आजी पळीत गरम करून पायांच्या भेगांना लावायची, शेतात चिखलात उभं राहून बायकांच्या टाचा अशा फुटायच्या की रक्त यायचं.

आता हे इथे मिनेसोटात का चालतं ते बघ. आपल्या कातडीचा सगळ्यात वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो, पेशी म्हणजे विटा आणि मधली चरबी म्हणजे सिमेंट, हे सिमेंट कमी पडलं की आतलं पाणी उडून जातं आणि खाज सुटते. तुझ्या कोपराच्या आत आणि गुडघ्यांच्या मागे होतं ना, तो एक्झिमा असाच, त्यात हे सिमेंट बऱ्याच जणांचं जन्मतःच कमजोर असतं, तुझी काही चूक नाही. वर बाहेर उणे २० आणि घरात चोवीस तास हीटर, हवेत ओल म्हणून नाहीच. तेल किंवा व्हॅसलीन स्वतः पाणी देत नाही, आहे ते पाणी उडू देत नाही, त्यामुळे कोरड्या अंगावर चोपडून फार उपयोग नाही. आंघोळ कोमट पाण्याने, पाच-दहा मिनिटांत, टॉवेलने घासायचं नाही नुसतं टिपायचं आणि अंग थोडं ओलं असतानाच दोन-तीन मिनिटांत लावून टाकायचं. आजी आम्हाला न्हाणीघरातून बाहेर येऊ द्यायच्या आधीच तेलाचा हात फिरवायची, तिला विटा-सिमेंट माहीत नव्हतं पण वेळ बरोबर माहीत होती.

पण तेच तेल कपाळावर नको. केसांना खोबरेल चोपडून झोपलीस की ते ओघळून कपाळावर येतं, तिथली छिद्रं बुजतात आणि बारीक पुटकुळ्या येतात, तुझ्या केसांच्या कडेने आहेत त्या मला तरी तशाच वाटतात. तेल लावायचं असेल तर आंघोळीच्या तासभर आधी लाव आणि शाम्पूने धुऊन टाक. आणि घामोळ्यांवर तर तेल अजिबात नको, तिथे घामाची वाटच बंद झालेली असते, गार पाणी, सैल सुती कपडे, पंखा, बास.

हळदीचं जरा मोठं आहे. १९९५ मध्ये इथल्याच, अमेरिकेतल्या, मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरला हळदीने जखम भरते यावर पेटंट मिळालं होतं, म्हणजे शोध त्यांचा! तेव्हा भारताच्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेचे प्रमुख होते डॉ. रघुनाथ माशेलकर, गोव्यातल्या माशेल गावचे, आपल्या घरापासून फार लांब नाही. सीएसआयआरने जुने संस्कृत ग्रंथ आणि १९५३ चा एक वैद्यकीय लेख पुढे ठेवला की अहो हे आमच्याकडे घराघरात करतात, आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. मला याचा अजून अभिमान वाटतो आणि तुलाही वाटावा. पण एक गोष्ट नीट समजून घे, पेटंट रद्द झालं ते 'हे नवीन नाही' म्हणून, 'हळदीने सगळं बरं होतं' असं काही त्यात ठरलं नाही. हळदीतलं कर्क्युमिन लॅबमध्ये सूज कमी करताना दिसतं, पण ते पाण्यात जवळपास विरघळत नाही आणि कातडीत फारसं आत जात नाही. म्हणूनच तुझे गाल पाण्याने धुऊन पिवळेच राहिले. पुढच्या वेळी आधी तेलाचा बोळा फिरव, ते तेलात सुटतं, मग साबण. उन्हानेही ते फिकं पडतं, आजी हळदीचे डाग पडलेले कपडे उन्हात टाकते ते यासाठीच. पिंपल्सना मात्र हळदीऐवजी डॉक्टरांनी दिलेलं बेन्झॉइल पेरॉक्साइडच लाव, रात्री थोडंसं, आणि चांगल्या टॉवेलला पुसू नकोस, रंग उडतो. फरक दिसायला सहा-आठ आठवडे लागतात, चार दिवसांत सोडायचं नाही.

आणि उटणं, कारण दिवाळी आली की तू विचारशीलच. नरक चतुर्दशीला पहाटे आधी तेल लावतात आणि मग उटणं, त्यात वाळा, नागरमोथा, कचोरा, आंबेहळद असतं, ते जास्तीचं तेल काढून घेतं. थंडी सुरू होतानाचा सण आहे, अंगाला तेल लागायची हीच वेळ. तुझ्या एक्झिम्यावर ते खरखरीत उटणं मला नको वाटतं, तू तेलाचं अभ्यंग कर, उटणं तळहातांना वासापुरतं लाव, आजीला मी सांगेन.

आता जिथे घरचा उपाय अजिबात करायचा नाही ते. माझ्या लहानपणी शेजारच्या एका काकांना कमरेला नागीण झाली, म्हणजे जळजळणाऱ्या फोडांचा पट्टा. सगळे म्हणायचे की नागिणीची दोन्ही टोकं जुळली तर माणूस वाचत नाही, त्यांना काव, म्हणजे लाल माती, फासली, उतरवून टाकलं, डॉक्टरकडे नेलंच नाही. काका वाचले, पण शर्ट घासला तरी कळवळायचे, कित्येक वर्षं. खरं म्हणजे कांजिण्यांचाच विषाणू मज्जातंतूत दडून बसतो आणि मोठेपणी उठतो, एक मज्जातंतू शरीराच्या एकाच बाजूला जातो म्हणून पट्टा सहसा अर्ध्यावरच थांबतो, टोकं जुळायचा प्रश्नच नसतो. ७२ तासांच्या आत गोळ्या सुरू झाल्या तर खूप फरक पडतो, आणि ते तीन दिवस काव लावण्यात गेले हे आठवलं की मला अजून त्रास होतो.

नायट्याचंही तसंच, तो बुरशीने होतो. गोल चट्टा, कडा लाल आणि मध्ये बरं झाल्यासारखं. त्यावर भारतातून कोणी आणलेली स्टिरॉइड मिसळलेली ट्यूब लावायची नाही, चार दिवस बरं वाटतं आणि बुरशी आतून पसरते. औषधांना दाद न देणारा असा नायटा भारतात खूप वाढलाय आणि २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्येही सापडला. तुला असं काही दिसलं तर लपवू नकोस, लगेच दाखव.

बाथरूमच्या कपाटात वरच्या खणात स्टीलचा डबा आहे, त्यात आजीने दिलेला मुठेलचा गोळा आहे, तुझ्या टाचा फुटल्यात ते मी परवा बघितलं. आज रात्री पाय धुऊन टिपून घे, मी पळीत वितळवून देतो, लावून मोजे घाल आणि झोप. आणि रविवारी कॉल आला की हळदीचं काय झालं ते आजीला तूच सांग, चिडून नको, आणि पायांना तिचं मुठेल लावलंस हेही सांग.

बाबा