मित्राचं महागडं पण जरासं सैल हेल्मेट घेऊ, की नवं साधं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मित्राचं नावाजलेल्या कंपनीचं, वर्षभर वापरलेलं फुल फेस हेल्मेट निम्म्या किमतीत मिळतंय. डोक्याला जरासं सैल होतंय. तेवढ्याच पैशात नवं घ्यायचं तर साध्या कंपनीचं येतं. काय करावं?

नवं साधं घ्या. घाई असेल तर इथेच थांबलात तरी चालेल. मला मात्र थांबवत नाही, कारण 'जरासं सैल' वाचलं आणि माझी जीभ आपोआप वरच्या ओठाच्या आतल्या गाठीवर गेली.

माझी पहिली मोटरसायकल आली तेव्हा दादाने त्याचं हेल्मेट मला दिलं. दिलं कसलं, बहाल केलं. फायबरग्लासचं, वजनाला हलकं, काढून धुता येणारं मऊ अस्तर, काच बंद केली की भारी गाडीच्या दारासारखा आवाज. त्याने स्वतःसाठी त्याहून वरचं घेतलं होतं. त्याच्या डोक्याचा घेर ६० सेंटीमीटर, माझा ५६. मी म्हटलं, हे हलतंय. तर म्हणाला, "खाली जाड स्कार्फ बांध, महिनाभरात बसेल तुझ्या डोक्याला." आणि वर त्याचं ठेवणीतलं वाक्य, "डोक्याची किंमत जेवढी, तेवढं हेल्मेट."

हे वाक्य त्याचं नव्हेच. हेल्मेट बनवणाऱ्या बेल कंपनीची जुनी जाहिरात होती, दहा डॉलरचं डोकं असेल तर दहा डॉलरचं हेल्मेट घाला. विकणाऱ्याच्या इतकं सोयीचं वाक्य शोधून सापडणार नाही. माझं डोकं स्वस्तातलं आहे असं तोंड वर करून कोण म्हणणार?

मीही नाही म्हटलं. दोन महिने ते घालून फिरले. मी मान वळवली की हेल्मेट क्षणभराने मागून वळायचं, जसं काही त्यालाही विचार करायला वेळ लागत होता. महिनाभरात बसतं वगैरे सगळं खोटं. हेल्मेट वापरून सैल होतं. गालाचे पॅड दबतात, अस्तर चोपतं. दुकानात जे सैल ते वर्षभराने खुळखुळा. तुमच्या मित्राचं तर आधीच वर्षभर वापरलेलं आहे, आणि तेही त्याच्या डोक्याने.

पडले तेव्हा वेग ताशी तीसही नसेल. वळणावर बारीक खडी होती, पुढचं चाक सटकलं आणि मी उजव्या अंगावर. आधी हनुवटीपुढचा दांडा सरकून तोंडावर आला, समोरचा दात ओठात घुसला. मग कानामागे एक दणका, रिकामा डबा पडल्यासारखा. आणि मग काळोख. दुखत काहीच नव्हतं, फक्त दिसत नव्हतं. डोळे उघडे आहेत की मिटलेले हे कळेना म्हणून पापण्या हलवून पाहिल्या, तर त्या कशाला तरी घासत होत्या. मला माझ्याच शाम्पूचा वास येत होता. हेल्मेट पुढे कलंडून कपाळाची कड नाकाच्या शेंड्यापर्यंत उतरली होती आणि स्कार्फचा बोळा डोळ्यांवर बसला होता. तेवढ्यात कुणीतरी धावत आलं आणि त्याने हेल्मेट मागून पुढे ओढलं. निघालं. पट्टा लावलेला होता, व्यवस्थित, हनुवटीखाली. बक्कल न सोडता हेल्मेट हातात आलं.

(तुम्ही कधी असे धावत गेलात तर हेल्मेट ओढू नका. मान दुखावली असेल तर त्यानेच घात होतो. माझं नशीब.)

घरी आल्यावर दादा काय म्हणाला? "भारी हेल्मेट होतं म्हणून वाचलीस." तेव्हापासून आमचं हे भांडण चालू आहे. माझं म्हणणं, हेल्मेट होतं म्हणून वाचले, भारी होतं म्हणून नाही, आणि मापाचं असतं तर ओठही वाचला असता. पहिलाच दणका जरा जोरात बसला असता तर दुसऱ्याच्या वेळी ते डोक्यावर असतंच असं कोण सांगणार?

त्या रागातच मी या विषयात घुसले. ब्रिटनमध्ये २००७ पासून शार्प नावाची सरकारी योजना आहे, ते हेल्मेट आपटून त्यांना एक ते पाच तारे देतात. त्यांच्या यादीत स्वस्त पॉलिकार्बोनेटची हेल्मेटं पाच तारे घेऊन बसलीत आणि त्यांच्या कितीतरी पट महागातली तीन-चारवर अडकलीत. मी ही यादी दादाला पाठवली. त्याने अंगठा पाठवला.

दुसरी समजूत म्हणजे जितकं टणक तितकं सुरक्षित. डोकं वाचवतं ते कवच कमी आणि आतलं थर्मोकोल जास्त. ते चेपतं, डोक्याला थांबायला थोडा जास्त वेळ देतं, मेंदू कवटीवर आदळण्याचा जोर कमी होतो. ते वेळेवर चेपलंच नाही तर डोकं चेपतं. युरोपच्या जुन्या ईसीई २२.०५ चाचणीत हेल्मेट सेकंदाला साडेसात मीटर, म्हणजे ताशी २७ किलोमीटर वेगाने ऐरणीवर आपटायचे. नव्या २२.०६ मध्ये त्याहून जास्त वेग आला, तसाच मुद्दाम कमीही आला, सेकंदाला ६ मीटरचा. कारण जोराच्या धडकेत पास होणारं दगडासारखं हेल्मेट हलक्या धडकेत चेपतच नाही. शिवाय तिरक्या धडकेत डोकं किती गरकन फिरतं, तेही आता मोजतात. ताशी २७ हा आकडा ऐकून लोक हसतात, पण डोकं जमिनीवर उंचीवरून पडतं, गाडीचा वेग बराचसा घसरण्यात जातो. अर्थात समोर भिंत किंवा खांब आला तर हे गणित कोलमडतं.

आता माप. फीत भुवयांच्या बोटभर वर धरून डोक्याच्या मागच्या फुगीर भागावरून फिरवा. त्या आकड्याला दुकानात फार भाव देऊ नका, कारण डोक्याला आकारही असतो. कुणाचं वरून पाहिलं तर गोल, कुणाचं लांबट. घेर सारखाच असूनही माझ्या लांबट डोक्याला गोल हेल्मेट कपाळावर टोचतं आणि कानांवर मोकळं राहतं. नवं हेल्मेट इतकं घट्ट हवं की गाल पुढे येऊन चेहरा चिमणीसारखा दिसावा आणि च्युइंगम चघळताना गालाची आतली बाजू दाताखाली यावी. कपाळावर मात्र एकाच ठिकाणी दुखता कामा नये. घालून वीस मिनिटं दुकानात फिरा. विक्रेता वैतागतो, वैतागू द्या. मग पट्टा लावा, दुसऱ्याला मागची खालची कड धरून वर आणि पुढे ओढायला सांगा. निघालं, किंवा डोळ्यांवर आलं, तर ते हेल्मेट कुणाचंही असो, कितीचंही असो, ठेवून द्या. दुकानात मी आता सगळ्यात आधी हेच करते आणि लोक माझ्याकडे बघत बसतात.

शिक्का बघाच. ईसीईचा असेल तर तो पट्ट्यावर शिवलेल्या कापडी पट्टीवर असतो, वर्तुळात 'ई' आणि पुढे देशाचा आकडा. डॉट म्हणजे अमेरिकेच्या वाहतूक खात्याचा शिक्का, त्यात कंपनी स्वतःच स्वतःला पास करते, सरकार नंतर अधूनमधून नमुने तपासतं, त्यामुळे नुसत्या डॉटच्या स्टिकरवर विसंबू नका. स्टिकर छापायला अक्कल लागत नाही. अर्धं हेल्मेट घेऊच नका. जर्मनीत डिटमार ऑटे या अपघात-संशोधकांनी अपघातातल्या हेल्मेटांवरच्या आघातांच्या जागा मोजल्या होत्या, त्यातल्या सुमारे एक तृतीयांश हनुवटीच्या भागात निघाल्या. माझा ओठ धरून.

आता तुमच्या मित्राच्या हेल्मेटबद्दल. ते एकदा तरी टाकीवरून घरंगळलं असणार, यात वाद नको. रिकामं हेल्मेट हातातून पडलं तर बहुतेक वेळा काही बिघडत नाही. डोकं आत असताना आपटलं असेल तर मात्र ते संपलं, आणि बाहेरून पाहून तुम्हाला कळणार नाही. मित्र खोटं बोलतोय असं नाही, त्यालाही आठवत नसेल. माझं पडल्यावर कवचावर फक्त नखाएवढा ओरखडा होता. अस्तर काढलं तेव्हा उजव्या कानामागे थर्मोकोलमध्ये केसासारखी बारीक चीर दिसली, नख घातलं तर अडकत होतं.

जाता जाता दादाला अर्धा गुण देते. महाग हेल्मेट वाईट असं मी म्हणत नाही. हलकं असतं, वाऱ्याचा आवाज कमी, लांब पल्ल्याला मान दुखत नाही. चांगल्या कंपन्या निरनिराळ्या मापांना निरनिराळी कवचं बनवतात. स्वस्तात बहुतेकदा एकच कवच आणि आत भरणा, म्हणून लहान डोक्यावर भोपळा दिसतो. तुमच्या डोक्याला फक्त महागातलंच बसत असेल तर महागाचं घ्या. आणि काहीच नसण्यापेक्षा सैलही बरं, हेही खरं: कॉक्रेन ही वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था, तिच्या २००८ च्या आढाव्यात हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा ६९ टक्क्यांनी कमी होतो असं निघालं. पण तुम्ही आज दुकानात उभे आहात, तुम्हाला दोन्ही मिळतंय, मग सैल कशाला?

ते हेल्मेट माझ्याकडे माळ्यावर पडून होतं. गेल्या आठवड्यात दादाचा फोन आला, म्हणे धाकट्या चुलतभावाने गाडी घेतलीय, त्याला देऊन टाकू, एवढं महागाचं धूळ खातंय, अस्तर धुतलं की नव्यासारखं होईल. मी चिरेची आठवण करून दिली. "केसाएवढी तर आहे," म्हणाला. मी फोन ठेवला, हेल्मेट खाली काढलं आणि पट्टा दोन्हीकडून कापून टाकला. कात्रीने कापेना, कटर लागला. दादा, तू हे वाचणार आहेसच, तर आता दे कुणाला द्यायचं ते.